जगरूपच्या पानावरची चटणी

“ते गाणं माझं आहे, जगरूप. थुंकून टाक तोंडातून.”

“गाण्यावर काय नाव कोरलंय, भौजी? बायकांचं गाणं. कुणीही म्हणावं.”

“कुणीही नाही. बायकांनीच.”

जास्वंदीच्या कुंपणाआड मी कपडे पिळत होते. ऊसमळ्यांच्या या बेटावर, बॅरकपूरला नवी सून म्हणून आलेली, असं आयतं भांडण म्हणजे मला सणच. फुलबसिया माझी शेजारीण; जगरूप तिला भौजी, म्हणजे वहिनी, म्हणे. तिनं मटकोरासाठी गाणं रचलं होतं: नवी सून पाट्यावर आंब्याची चटणी वाटते आणि वरवंट्याच्या दर फेऱ्याला सासरच्या एकेकाला रगडते. लग्नाआधी मटकोराची माती आणायला आम्ही बायकाच जातो. ढोलक वाजवतो, कंबर हलवतो, आणि तिथलं गाणं नवऱ्याच्याही कानावर घालत नाही. जगरूपनं ते लपून ऐकलं, सान फर्नांडोला, चटणी म्हणतात त्या ढोलकीवरच्या नाचगाण्यांच्या स्पर्धेत म्हटलं आणि जिंकला. रेडिओवाला सांगू लागला, जगरूपचं गाणं!

“एकदा माईकवर सांग, हे फुलबसियाचं आहे म्हणून. मी गप्प बसते.”

“सांगतो, सांगतो,” करत तो हसत गेला. सांगितलं नाही.

फुलबसिया टपून बसली. पुढं जगरूपच्या मुलाचं लग्न निघालं आणि मुलीकडच्यांनी गाऱ्या म्हणायला तिलाच बोलावलं. गाऱ्या म्हणजे जेवायला बसलेल्या वऱ्हाडाला गाण्यातून शिव्या. ज्याला बसतील त्यानं हसायचं आणि घास चावत राहायचं. रागावला तर गावात तोंड दाखवायला नको. तिनं आधी जगरूपच्या पानावर आपल्या हातची चटणी वाढली. मग त्याच चोरलेल्या चालीवर आवाज लावला:

“बायकांच्या घोळक्यात घागरा कुणाचा?
मिशीवाल्या नवरीचा, जगरूपचा!”

आता गाणं ऐकलं म्हणावं, तर बायकांत लपल्याची कबुली. स्वतः रचलं म्हणावं, तर मांडवातल्या साऱ्या बायका मूळ कडवी घडाघडा म्हणत होत्या. बिचारा हसत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“चटणी झणझणीत आहे,” म्हणाला.

“अजून वाढू?” फुलबसियानं विचारलं.

त्यानंतर तो गायला उभा राहिला की मागून कुणीतरी ओरडायचंच, “घागरा विसरलास काय रे?” त्यानं ते गाणं सोडलं, मग गाणंच सोडलं. बऱ्याच वर्षांनी एकदा तिच्या दारात आला.

“भौजी, पुरे आता. नातवंडं चिडवतात.”

“हुशार आहेत नातवंडं. माईकवर सांगितलंस?”

“आता मला माईक कोण देतो?”

“मग रस्त्यावर उभा राहून सांग.”

तेवढं त्याच्यानं होईना. आणि हिची दर लग्नातली गारी चुकेना. मी म्हटलं, “बाई गं, मेलेल्याला किती मारशील?”

“मेला कुठं? चांगला दोन वेळा जेवतोय.”

तो अंथरुणाला खिळला, तेव्हा लग्नघरचं जेवण त्याच्याकडे तीच पोहोचवू लागली. ती स्वतः वारली, त्याच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही शेवटचं गेलो. तिचे गुडघे धरलेले, म्हणून मी हात द्यायला. दारात जगरूपची बायको कलौती आडवी आली.

“भौजी, अर्धे गेलेत ते. आज राहू दे.”

“बोलला का तो, गाणं माझं म्हणून?”

“नाही.”

“मग सरक.”

खाटेजवळ दालपुरी आणि चटणी ठेवून ती ओसरीत उभी राहिली. दम खात खात सगळी कडवी म्हटली. आतून हसण्याचा बारीक आवाज आला. मग तिनं मागच्या खेपेचा डबा मागून घेतला, झाकण उघडून वास घेतला, “नीट घासत जा गं,” असं कलौतीला सुनावलं आणि घराकडे वळली.