पायलीवरची शीग

मालकानं पायातली चपल काढली, अन् तिच्या तळव्यानं पायलीवरची शीग खाली लोटली.

खळ्यात, सगळ्यांसमोर. ती ज्वारी आमची होती. माझी अन् माझ्या सासूची. नांदूरघाटाच्या अंगाला मालकाच्या रानात आमी दोघींनी सुगीभर काढणी केलती. काढणीची मजुरी तिथं आजून धान्यातच मिळती. बाकीच्या बायकांची पायली तो काठाच्या वर ढीग येईल अशी शीग ठिवून भरायचा. आमच्या वस्तीची बाई पुढं आली की शीग मोडायचा. आधी काठीनं मोडायचा. त्या दिवशी चपलेनं.

सासूनं पदर पुढं केला. पदरात पडलेल्या ज्वारीत चपलेची माती दिसत होती. त्याच ज्वारीची भाकर माझी लेक खाणार होती.

शेडात वजनकाटा होता, आकडे दाखवणारा. व्यापाऱ्याला माल घालताना मालक त्याच्यावरच मोजून द्यायचा.

मी म्हणलं, "मालक, आमचं बी काट्यावर घाला."

मालकानं माझ्याकडं बघितलं. मग हसला.

"घालू की. आधी तू बस काट्यावर."

मला कळलंच न्हाई.

"बस. वर्षभर माझं खाऊन किती भरलीस, बघू दे लोकान्ला."

गडी हसले. बायका खाली बघायला लागल्या. सासू माझ्या कानाशी आली. "बस बाई. हसतेन अन् सोडतेन. आपल्याला इथंच राहायचं हाय."

तिच्या आवाजात भ्या बी नव्हतं. सवय होती. उद्या हीच सवय माझ्या तोंडून माझ्या लेकीच्या कानात जाणार होती.

मी सासूच्या पदरातली ज्वारी त्याच्या ढिगावर वतली.

"मी जनावर न्हाई," म्हणलं. "चपल लागलेली ज्वारी तुमीच खावा."

तो वरडला न्हाई. चपल पायात घातली. हळूच म्हणला, "वस्तीवर जायची वाट कुणाच्या रानातून हाय, ठावं हाय ना?"

दिवस मावळताना मालकाच्या गड्यांच्या दोन मोटरसायकली वस्तीपाशी आल्या. उतरलं कुणीच न्हाई. इंजिन चालू ठिवून आमच्या दाराकडं बघत बसले, अन् गेले. शेजारणीनं लेकरं आत वढली, कडी लावली. नवरा म्हणला, "कावून नादी लागलीस? सकाळी जाऊन पाय धर."

सकाळी बांधावरची वाट बंद होती. बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. पलीकडं पाण्याचा हापसा. पलीकडंच लेकीची शाळा.

मी घरातून कोयता आणला अन् फांद्या तोडायला लागले. रानाच्या टोकाला कालचीच एक मोटरसायकल उभी होती. वरचा माणूस फोनवर बोलत होता, नजर माझ्यावरच. मी बी मान वर करून बघितलं. त्यानं फोन खिशात ठिवला अन् गाडी माझ्याकडं वळवली.

मी हलले न्हाई. पाय मी धरणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. हे रोज फांद्या टाकतेन, मी रोज तोडीन. माझी लेक ह्याच वाटंनं शाळंला जाईल.

गाडी जवळ येत होती. मी पुढच्या फांदीवर कोयता घातला.