मेले नाय ते!

आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई मामा होते. पडेगावहून सायकलनं येत आणि इनक्युबेटर उघडताना आतल्या जंतूंना विचारत, "उठले का रे?" आम्ही हसून लोटपोट होत असू.

एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी मी जंतूंना ग्लुकोज आणि दुधातली साखर एकत्र दिली होती. दुपारी त्यांची वाढ अचानक थांबली. आधी दोनदा असंच झालं, तेव्हा मी रडत सगळं फेकून दिलं होतं. तिसरा फ्लास्कही ओतायला निघाले, तर मामांनी तो माझ्या हातातच धरून ठेवला.

"ताई, मेले नाय ते! ग्लुकोज संपलं असंल. ते असंपर्यंत दुधाच्या साखरेचं जनुक बंदच ठेवतेत. आता चालू करून ती पचवायचं एन्झाईम बनवायलेत. जरा दम धरा."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"लई वर्षं झाली, हेच बघायलो."

अर्ध्या तासानं वाढ मोजणाऱ्या कलरीमीटरचा काटा हलला आणि मग चढतच गेला. मी मामांचे दोन्ही हात धरून तिथंच फुगडी घातली. तेवढ्यात दारात सर दिसले. मी थबकले, मामांनी मात्र त्यांनाही हात धरून आत ओढलं, "या सर, जंतू जेवायला बसले!"