भावोजींचा कान

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, भावोजी त्यावर दातांची रांग उभी करतात आणि यंत्रावर घासून घासून गुळगुळीत करतात. अठ्ठावीस वर्षं हेच. पण कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर छाती फुगवून सांगतात, "ऐकतो."

ऐकण्यासाठी त्यांच्याकडे ॲम्प्लिफायर आहे, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. बटण दाबलं की मिनिटभर ढिम्म. मग व्हॉल्व्ह आतून तांबूस उजळतात आणि गाणं येतं. हे धूड बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेलं, म्हणजे घरातल्या एकुलत्या एक उजेडाच्या कोपऱ्यात. आणि ताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, शिलाई मशीन आतल्या खोलीत. ती बिचारी भर दुपारी दिवा लावून लोकांचे कपडे शिवायची. सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं, तरी म्हणायची, "असू दे गं, त्यांना तेवढाच नाद आहे." त्या 'असू दे'चा मला मनस्वी राग होता.

दर शनिवारी भावोजी व्हॉल्व्ह निवडायला बसत. व्हॉल्व्ह ठेवलेले कवळ्यांच्या डब्यांत, कापसावर. एकदा शेजारचे काका आपली कवळी समजून त्यातलाच एक डबा घेऊन गेले, तर भावोजी भरल्या ताटावरून उठून अनवाणी धावले. काकांचे दात मात्र दोन दिवसांनी पोचले.

आधी व्हॉल्व्ह उजेडात धरायचा. शेंड्याला चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, खेळ खलास. मग चालू व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी. स्पीकरमधून टण्ण आलं की तो बाद. आणि शेवटी डोळे मिटून ऐकायचं. "हा कोरडा आहे." "ह्याला पोटच नाही." असं नाकाने कांदे सोलत चालायचं. त्यात एका कधीच बंद पडलेल्या कारखान्याचा एक व्हॉल्व्ह होता, त्याला ते 'आजोबा' म्हणत. बाकीचे तीन नवे, दिसायला थेट तसेच. फरक फक्त काचेवरच्या छापाचा.

तो छाप ओल्या बोटानेही निघतो हे त्यांनीच मला दहा वेळा बजावलं होतं. ऐकून घेतलं मी. एका शनिवारी ते आंघोळीला गेले तेवढ्यात आजोबांच्या बुडाला नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला आणि चारही व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने लख्ख पुसून टाकले.

"अहो भावोजी, धूळ होती म्हणून पुसले हो," मी साळसूदपणे म्हटलं.

त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर वाटलं, आता हे रडतात. मग मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "तुम्हाला काय छापाची गरज? तुम्ही तर डोळे मिटून ओळखाल."

"ओळखेनच!"

"आणि नाही ओळखला तर? खिडकीचा कोपरा ताईला?"

"दिला. पण ओळखला तर पुन्हा कोपऱ्याचं नाव काढायचं नाही."

ताई सोफ्यावर फ्रॉकला तुरपाई घालत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा सुई चालवायला लागली. मी व्हॉल्व्ह बदलणार, रेकॉर्ड एकच, एका म्हाताऱ्या गायिकेची. भावोजी समोर डोळे मिटून बसले.

पहिला लावला. ताईची सुई चालू. "नाही," भावोजी म्हणाले. तो निवल्यावर काढून दुसरा. सुई चालूच. "छे!" तिसरा मी लावला तेव्हा दूध बघायला ताई आत गेली. गाणं सुरू झालं आणि भावोजी चुळबुळायला लागले.

"बोला ना," मी म्हटलं.

"घाई काय आहे? ही कुठे गेली?"

"ताईचं काय काम?"

"काही नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लाव."

ताई येऊन बसली, फ्रॉक उचलला. गाणं पुन्हा सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला तिचा हात सुईसकट हवेतच थांबला.

"हा! हेच आजोबा!" भावोजी ओरडले.

ठिपका त्याच व्हॉल्व्हला होता. पण माझं लक्ष त्यांच्या डाव्या डोळ्याकडे होतं, आणि तो चांगला बोटभर उघडा होता.

"भावोजी, तुमचा डोळाच ऐकतो वाटतं," मी म्हटलं.

ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. मग खाली बघत म्हणाले, "कवळ्या घासायच्या यंत्रापायी बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. झाली दोन वर्षं. हिचा हात थांबला की मला कळतं."

ताई बघतच राहिली. "मला काय कळतंय त्यातलं? ती बाई गायच्या आधी श्वास घेते, तो या एकातच ऐकू येतो. मग हात थांबतो, एवढंच." आणि एकदम म्हणाली, "अगंबाई! म्हणजे मी हाका मारते त्या..."

"त्या येतात ऐकू," भावोजी म्हणाले. "तेव्हा मी ऐकत नाही."

मला हसू फुटलं. पण उगाच पुसले ते व्हॉल्व्ह, असंही वाटलं.

"ओळखला ना त्यांनी? मग असू दे कोपरा," ताई म्हणालीच.

"ओळखला कुणी?" असं म्हणून भावोजी उठले आणि एकेक वायर सोडवायला लागले. संध्याकाळपर्यंत मशीन खिडकीशी आलं आणि ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीला गेला.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेले. ताईने दिव्याशिवाय पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि मांडीवर तुरपाई घेतली. गाणं चालू होतं. भावोजींनी खुर्ची फिरवून ॲम्प्लिफायरकडे पाठ केलेली, दोन्ही डोळे उघडे.

"काय बघताय एवढं?" ताई म्हणाली.

"बघत नाहीये," भावोजी म्हणाले. "ऐकतोय."