कॅनडाचा फॉर्म, प्रताप नगरचा अर्ज

सकाळी साडेसातला सरोजजींच्या फाटकाबाहेर पंचवीस-तीस माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर एक नंबर. पुढच्या आजोबांनी स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली.

"मैडम, मेरा दो सौ चौदह है. नाली कब साफ होगी?"

म्हटलं, बाबूजी, अजून मतदानच झालं नाही, सहा दिवस आहेत.

"तो नंबर क्यों दिया?"



सांगते काय झालं ते. मी उमेदवारांचा इंटरनेटवरचा प्रचार सांभाळते. यजमान फौजेत होते, रिटायर झाल्यावर आम्ही इकडे हिंदी मुलखातच, खातीपुऱ्यात राहिलो. फौजी बायकांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवता चालवता मी हे शिकले, क्लासबिस काही नाही. सरोजजी निवृत्त शिक्षिका, प्रताप नगरातल्या एका वॉर्डातून अपक्ष उभ्या. मागे पक्ष नाही, गाड्या नाहीत. लोकांचा भरवसा एवढाच की या बाई शब्द पाळतात.

त्यांचा मुलगा नितिन माझंच हे इंटरनेट-प्रचाराचं काम कॅनडात करतो. आईसाठी सुट्टी काढून आला होता. तिकडे म्हणे सगळं ई-मेलवर चालतं. इथे बहुतेकांचा ई-मेल मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी उघडलेला, पासवर्ड मुलालाच माहीत. म्हणून त्याने ऑनलाइन फॉर्म बनवला, 'तुमच्या तीन मुख्य समस्या कोणत्या?', आणि मी तो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फॉर्म भरला की धन्यवाद आणि एक नंबर यायचा.

"आंटीजी, हे टार्गेटिंगसाठी," तो म्हणाला. म्हणजे ज्याला नालीची चिंता त्याला नालीचा मेसेज, ज्याला पार्किंगची त्याला पार्किंगचा. तिकडे लोक फॉर्म भरतात आणि विसरतात.

आपल्याकडे फॉर्म भरला म्हणजे अर्ज केला. अर्जाला नंबर मिळाला म्हणजे काम लागलं. हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः गॅस कनेक्शनसाठी नंबर घेऊन महिनोन्‌महिने बसलेली बाई.

सरोजजी चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "नितिन, मी यांना काही कबूल केलं होतं का?"

"नाही मम्मी. हा फक्त डेटा आहे."

"तू बाहेर जाऊन त्यांना डेटा समजाव."

तो गेला नाही.

रांग रिकाम्या हाताने परत गेली असती तर निवडणूक तिथेच संपली होती. मी आधी फॉर्म बंद केला. मग आलेल्या तक्रारींची गल्लीवार यादी प्रिंट केली, सरोजजींनी खाली सही केली, आणि आम्ही तिघं वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकून बाबूने कागद बघितलेही नाहीत.

"आचारसंहिता चल रही है. कोई काम नहीं होगा."

"काम नको भैया," मी म्हटलं, "शिक्का द्या."

त्याने दुसऱ्या प्रतीवर 'प्राप्त'चा शिक्का मारला. जरा तिरका. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. सोबत सरोजजींचा आवाज: "मी अजून खुर्चीत नाही, काम करू शकत नाही. तुमची तक्रार पोहोचवली आहे. निवडून दिलंत तर हाच कागद घेऊन पुन्हा जाईन."

रांग पांगली. तो फोटो घरोघरी फिरला. नितिनने आठवडाभर खपून ड्रोनने काढलेला व्हिडिओ मात्र त्याच्या एकट्या मावशीने पाहिला.

सरोजजी त्रेचाळीस मतांनी निवडून आल्या. शिक्क्यामुळे, की विरोधात उभ्या असलेल्या दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांची मतं खाल्ली म्हणून, मला सांगता येणार नाही. नितिन परत गेला. तिकडच्या बॉसला त्याने सगळं सांगितलं, तर बॉस विचारतो, हा शिक्का कुठल्या ॲपमध्ये मिळतो?

मी हल्ली क्लायंटला आधीच विचारते, फॉर्म भरणाऱ्यांना उत्तर द्यायला कोण बसणार? नाव सांगा, मग लिंक बनवते. निम्मे क्लायंट म्हणतात, राहू द्या आंटीजी, पोस्टरच करा.