एक पाटी शेण

शेतकऱ्यांच्या गटात तिला सगळे पाटीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागची नावं याहून वाईट होती.

फवारणीच्या विषाला जो ‘औषध’ म्हणेल, त्यानं सगळ्यांच्या खतखड्ड्यात एक पाटी शेण आणून टाकायचं, हा दंड तिनंच लावला होता. त्या कोरड्या मुलखात माणसं फवाऱ्याला औषधच म्हणतात. औषध मारलं, औषध संपलं, अमका औषध पिऊन मेला, असं सहज बोलून जातात. तिचा नवरा असंच औषध मारताना वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिला आणि फेस येऊन बांधावर आडवा झाला. उचलायला आलेला शेजारी म्हणाला, ‘‘औषध लागलं.’’ नवऱ्याचं डोकं मांडीवर असताना तिनं त्या शेजाऱ्याला अशा काही शिव्या घातल्या की तो आयुष्यभर तिच्यासमोर जपून बोलला.

तिथून पुढं तिनं हट्टाला पेटून शेजारपाजार गोळा केला. रानात विष नाही, पिशवीतलं खत नाही. बियाणं घरचं, एकमेकांना दिलेलं. आणि सगळ्यांच्या शेळ्यामेंढ्या मिळून एकच कळप. हा कळप रोज एकेकाच्या रानात जाळीच्या कुंपणात बसवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरलं की बाजरीला दुसरं काही लागत नसे. पाऊस दगा देऊन गेला तर पीक जायचं, पण कळप बाभळीच्या शेंगांवर तगायचा आणि घराघरात दूध राहायचं. आजूबाजूची घरं कुलपं लावून शहराकडं गेली, ही मात्र टिकली, ती कळपाच्या जोरावर. कळप होता पाटीबाईच्या हातात. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिची मान त्यामुळं जरा जास्तच ताठ होती.

एका साली तुरीवर अळी पडली तेव्हा तिच्या सख्ख्या दिरानं चोरून फवारा मारला. बैठकीत तो कबूल झाला. जाऊ सगळ्यांदेखत पाटीबाईच्या पाया पडली. ‘‘ताई, एकदा पदरात घ्या.’’

‘‘पदर फाटलाय माझा, त्याच विषानं,’’ पाटीबाई म्हणाली. ‘‘कळप तुमच्या रानाला वळसा घालून जाईल.’’

तसा तो गेला, वर्षानुवर्षं. दिराचं रान दगडासारखं होत गेलं. जाऊ पुढं पुन्हा बोलायला लागली, अगदी गोड. पाटीबाईला वाटलं, बाई विसरली. दुसऱ्याचा पाणउतारा आपण किती चटकन विसरतो.

या साली पाऊस नावालाच झाला आणि कळपात जंत शिरले. शेळ्यांचे गळे सुजले, गाभण मेंढ्या गाभडायला लागल्या. आजारी जनावराला डॉक्टरचं औषध गटात चालायचं. किंबहुना ‘औषध’ हा शब्द तिनं तेवढ्यासाठीच राखून ठेवला होता. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, ‘‘आख्ख्या कळपाला एकदम पाजा, नाहीतर उपयोग नाही. डब्यातून बाटलीत ओतून देतो. गाडी ओढ्याच्या वाळूत रुतते, तुमच्या दिराचं घर रस्त्यावर आहे, तिथं ठेवतो.’’

पाटीबाई नाक मुठीत धरून दिराच्या दारात गेली. दीर बाजाराला गेलेला. जाऊ ओसरीत शेंगा फोडत होती.

‘‘औषध ठेवलंय ना? द्या.’’

जावेचे हात थांबले. डॉक्टर येऊन गेला तेव्हा ती विहिरीवर होती. नवऱ्यानं बाटली आत फडताळात ठेवली होती आणि बायकोला सांगायचं विसरला होता. त्या घरात औषध म्हणजे एकच, फवाऱ्याचं. पाटीबाई औषध मागायला आली! यंदा बाजरीवर लष्करी अळी होतीच. जावेच्या मनात उकळ्या फुटल्या. मारू दे एकदाचं फवारा, मग बैठकीत उभी राहून सांगते. ‘कशाला हवंय’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण विचारलं तर ती लाजेनं परत जाईल, म्हणून जाऊ मूग गिळून बसली आणि बोटानं अंगणातल्या खोपटाच्या खिडकीकडं दाखवलं.

‘‘ते काय, बाटलीत. घ्या की ताई, आपलंच आहे.’’

बाटलीत पांढरं, दुधासारखं पाणी. जंताचं औषधही तसंच असतं. पाटीबाईनं बूच काढून हुंगलं. हल्लीच्या विषांना जुन्यासारखा उग्र वास येत नाही, आणि विष न शिवणाऱ्या गटात राहून तिच्या नाकाची ती सवय कधीच मोडली होती.

पाजण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. गुडघ्यात मान, अंगठ्यानं जबडा, गालात पिचकारी, सोडून दिली, पुढची. आधी अशक्त, मग गाभण, मग दुभत्या. ‘‘घे गं बाई, घे, बरं वाटेल,’’ असं प्रत्येकीला म्हणत होती. पहिली शेळी थरथरून कोसळली तेव्हा ती शेवटच्या करडाचा जबडा उघडत होती. तिनं वळून बघितलं. कुंपणभर तोंडांना फेस होता. तो फेस ओळखायला तिला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

ते एक करडू तेवढं वाचलं. आई मेल्यावर तेही दोन दिवसांत गेलं.

बैठक त्याच संध्याकाळी कुंपणापाशीच भरली. बायका रडून थकल्या होत्या. दीर खाली मान घालून बसला होता. जाऊ पांढरीफटक पडली होती, पण तिचा आवाज स्पष्ट होता. ‘‘त्यांनी औषध मागितलं, मी औषध दिलं.’’

त्यात खोटं काहीच नव्हतं.

‘‘तुला कळलं कसं नाही?’’ गटातला शिंपी पाटीबाईला म्हणाला. जिभेवर ताबा नसल्यानं जन्मात सगळ्यात जास्त शेण त्यानंच वाहिलं होतं, आणि त्याची लेकरं ज्या शेळीच्या दुधावर होती ती फुगून पायाशी पडली होती. ‘‘काय पाजलंस तू आमच्या जनावरांना? बोल ना.’’

पाटीबाईच्या तोंडून आलं, ‘‘औषध.’’

शिंप्यानं कुडाला टेकवलेली पाटी उचलली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

ती उठली. मेलेल्या शेळ्यांच्या मधून वाकत वाकत लेंड्या गोळा करायला लागली. काही अजून ओल्या होत्या. पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि ती खड्ड्याकडं निघाली. जाऊ तोंडात पदर कोंबून उभी होती. पाटीला हात द्यायला कुणीच पुढं आलं नव्हतं.