बोरन्हाणाआधी घासलेली खिडकी

लेकीचं पहिलं बोरन्हाण रविवारी होतं आणि मला नुसतं उधाण आलं होतं. दिल्लीत बोरन्हाण करायचं म्हणजे आधी शेजारणींची शिकवणी घ्यावी लागते. बाळाला काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओतायचे आणि बाकीच्या मुलांनी ते जमिनीवरून वेचून खायचे.

"अच्छा, मतलब बेबी की लोहड़ी!" समोरची म्हणाली.

"बिल्कुल!" मी म्हटलं. वाद कोण घालणार?

मयूर विहारमधला आमचा फ्लॅट जुना. हॉलच्या लाकडी खिडकीचे पोपडे निघाले होते आणि नेमकी तीच फोटोत येणार होती. रंगारी शुक्रवारी येणार होता, पण आमच्या घरी गुडघ्याला बाशिंग बायकोच बांधते. गुरुवारीच पॉलिश पेपर आणून मी खसाखसा घासत सुटले. पांढऱ्याखाली पोपटी, पोपटीखाली निळा! प्रत्येक नवा रंग निघाला की मी ओरडून नवऱ्याला बोलवायचे. लेक खाली धुळीत बसून बोटं चोखत होती. मग मी खराट्यासारखा झाडू फिरवला आणि स्वतःवर जाम खूश झाले.

शुक्रवारी रंगारी आला आणि दारातच थबकला.

"मॅडम, ये सूखा किसने घिसा?"

"मैंने!" शाबासकीच्या आशेनं मी म्हटलं.

"बच्ची कहाँ थी?"

मी खाली बोट दाखवलं. त्यानं डोक्याला हात लावला. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणाला. नुसतं बघून कळत नाही, म्हणून आहेच असं धरून चालायचं. ती धूळ मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला बाधते. त्याच फरशीवर परवा दहा पोरं बोरं वेचून खाणार होती, आणि माझी स्वतःची तर ती धूळ आधीच खाऊन बसली होती.

नवऱ्यानं लेकीला उचललं आणि डॉक्टरांकडे धाव घेतली. तिचं रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट रविवारी मिळणार होता. मी अंगावरचे कपडे वेगळे धुतले, खेळणी साबणानं घासली. रंगाऱ्यानं मास्क लावून हॉलचं दार बंद केलं, खाली प्लास्टिक पसरलं आणि पाणी मारत मारत खिडकी घासली. झाडूला हातही लावू दिला नाही. ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, फडकं फेकायचं, पुन्हा पुसायची. त्याच्यापुढे मी शाळेतल्या पोरीसारखी उभी होते.

बोरन्हाण गच्चीवर हलवलं. जानेवारीचं कोवळं ऊन, धुतलेली सतरंजी आणि कपाळावर बिंदीसारखा हलवा चिकटलेली माझी लेक. पोरं नुसती तुटून पडली होती. मीही टाळ्या पिटत होते, पण डोळे नवऱ्याच्या फोनवर.

तो वाजला. नवरा ऐकत राहिला, मग मान वर करून हसला. "काळजीचं काही नाही म्हणतात. महिन्यानं परत एकदा तपासायचं."

मी हातातलं चुरमुऱ्यांचं अख्खं भांडं त्याच्याच डोक्यावर उपडं केलं. पोरं किंचाळत त्याच्यावर चढली, शेजारीण हसून लोळायची बाकी होती, आणि मी मधोमध बसून भोकाड पसरलं.

"अगं, आता काय झालं?" केसांतले चुरमुरे झटकत त्यानं विचारलं.

"काही झालं नाही ना," मी लेकीला घट्ट धरून म्हटलं, "म्हणून तर रडतेय."