बर्फातली सरकी

आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या मऊकाकांना उभ्या आयुष्यात कुणालाच घाबरवता आलं नाही. त्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर मांजरंसुद्धा पाय ताणून झोपत. घाबरण्याचं काम मात्र त्यांच्याकडे लहानपणापासून होतं. त्यांची ताई दाराआड, पलंगाखाली, पडद्यामागे लपायची आणि "भॉ" करायची. दोघांचीही साठी उलटली तरी तिचा हा उद्योग चालूच होता. ती अचानक दुकानाच्या पडद्यामागून निघे आणि काकांच्या हातातली सुई उडे.

माझा एक जुना विद्यार्थी भुताचा सिनेमा काढायला निघाला. चोहीकडे बर्फ, मध्ये एकच झोपडी आणि बर्फाखालून उठणारा म्हातारा, अशी गोष्ट होती. खऱ्या बर्फापर्यंत जायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने भर उन्हाळ्यात काकांचं गोदाम मागितलं, कापसासकट. काकांनी अट घातली, भूत मी होणार.

"ताई एकदा दचकली पाहिजे," ते मला म्हणाले. "मग मी सुखाने गाद्या शिवत बसेन."

चित्रीकरण बघायला मी गेलो होतो. लोकरीच्या कोटात घामाने निथळणारी नायिका थंडीने कुडकुडत होती. पंखा लावला की बर्फ आढ्याला चिकटे, बंद केला की तिला घेरी येई. काका केस, भुवया पांढरे करून कापसाखाली पडून होते. खूण होताच ते उठले, आणि झकास उठले. हात पुढे करून निघाले खरे, पण वाटेत त्यांना बर्फात एक सरकी दिसली. कापसात राहिलेलं बी म्हणजे गादीवाल्याला भातातला खडा. भूत वाकलं, सरकी वेचून त्याने कानामागे ठेवली, उलट्या हाताने बर्फ थोपटून सारखा केला आणि मग नायिकेचा गळा धरायला गेलं. पुन्हा घ्यायची सोय नव्हती. भाड्याचा कॅमेरा परत न्यायला माणूस दारात येऊन उभा होता.

सिनेमा शाळेच्या सभागृहात दाखवला. काका ताईशेजारी बसले होते, पण त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, ते तिचं तोंड न्याहाळत होते. भूत उठलं तेव्हा ताईने जांभई दिली आणि भुताचं पोट सुटलंय, असा शेरा मारला. भूत सरकीसाठी वाकलं आणि सभागृह हसून लोटपोट झालं. काकांनी मान खाली घातली.

तेवढ्यात ताईने त्यांचं मनगट करकचून धरलं. ती हसत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "अरे, ते बाबा आहेत."

काका सरकी कानामागे ठेवतात, हे ती रोजच बघत होती. पण त्यांचे वडील दिवसभर कापूस पिंजून असेच केसांपासून भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरी येत, आणि त्यांच्याही कानामागे सरकी असे.

घरी जाईपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. मी मागून चालत होतो. आता काका फुशारकी मारणार, असं मला वाटलं होतं. ते तिच्या चालीने हळूहळू चालत राहिले. दारात ताई थबकली.

"तू आधी आत जा," ती म्हणाली. "दिवे लाव."

काकांनी घरातले सगळे दिवे लावले. मग दाराआड, पलंगाखाली, पडद्यामागे नीट पाहून आले. या जागा त्यांना पाठ होत्या.

"कुणी नाही, ताई," ते म्हणाले. "ये आत."